पाच ते दिवेलागण

विमल,

तुला पोहोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता सगळ्याजणी प्लॉटवर येऊन उभ्या राहिल्या. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दोन्ही खांब जागेवर होते, दोरी आणि रिंग माझ्या पिशवीत होती. पुष्पानं विचारलं, "सेक्रेटरी, बांधाची का दोरी?"

मी नाही म्हणाले. घरी जा म्हणाले. त्या गेल्या, आणि मी पिशवी धरून तिथंच उभी राहिले, कारण "नाही" म्हणताना तुझा आवाज मागून येणार अशी मला सवय होती. आला नाही.

हा तुझ्यामाझ्यातला सगळ्यात जुना वाद. गल्लीत कोणी वारलं तर आपला खेळ बंद ठेवायचा की चालू? मी म्हणायचे बंद, तू म्हणायचीस चालू. दरवेळी माझं चालायचं, आणि दरवेळी तू फुरंगटून बसायचीस. आता गेलीस तूच, आणि ठरवायचं राहिलं माझ्यावर. एकटीनं भांडता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुझं गाव, शिक्षण, आजार हे सगळं शोकसभेत तुझ्या दिरांनी सांगितलं आणि बहुतेक बरोबर सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही.

नागपुरात महाल भागात आमच्या घरात माणसं इतकी होती की आरशासमोर उभं राहायलाही पाळी लावावी लागे. नंदनवनच्या नव्या वस्तीत प्लॉट घेऊन आम्ही वेगळं घर बांधलं तेव्हा मला वाटलं, सुटले. सकाळची शाळेतली कारकुनी आटोपून मी घरी येई, आणि मग संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. चार घरं पुरी झालेली, बाकीच्यांचे नुसते पाये खणलेले, मध्ये कमरेएवढं तरोट्याचं तण. महिन्याभरात माझं डोकं दुखायला लागलं. रोज दुपारी, ठरलेल्या वेळी. धंतोलीतल्या डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि काळजी करू नका म्हणाले. काळजी करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. घर नवं, नवरा चांगला, नोकरी पक्की. मग रडू का येतं हे कोणाला विचारायचं, तेच कळत नव्हतं.

तू आलीस ती फाटकातूनच ओरडत.

"घरात आहे का वं कोणी? दिवसभर काय करून राहते?"

"काम असतं," मी म्हणाले.

"किती असते? मायं तं जेवणाआधी सरते. मंग मी भिंतीसंगं बोलतो."

तुझ्या हातात लाल रबरी रिंग होती. शाळेत असताना तू रिंग टेनिस खेळायचीस आणि लग्नात रुखवताच्या पेटीत लपवून ती रिंग काटोलकडून सासरी आणली होतीस. शेजारचा मोकळा प्लॉट तू आधीच हेरून ठेवला होतास. मालक नागपुरात राहत नव्हता. विजेचा खांब आणि बाभळीचं झाड यांच्यामध्ये तू कपडे वाळत घालायची दोरी बांधलीस, दोरीला जुन्या साडीच्या चिंध्या लटकवल्यास म्हणजे ती दिसेल, आणि मला पलीकडे उभं केलंस. रिंग आली की एका हातानं झेलायची, झेलली की लगेच परत फेकायची. एवढाच खेळ. मला पहिल्या संध्याकाळी एकही झेलता आली नाही. पदर सुटला, चप्पल तुटली, हाताला फोड आला. रात्री मात्र पडल्यापडल्या झोप लागली.

गोळ्या बंद करायचं मी कधी ठरवलं नाही. पाऊसकाळ आला, आपला खेळ थांबला आणि डोकं दुखायला लागलं, तेव्हा बाटली शोधताना लक्षात आलं की मधले कितीतरी आठवडे मी ती उघडलीच नव्हती. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "मन का टोपलीत वेगळं ठेवलं असते का वं? आंगासंगंच रायते. आंग घरात कोंडलं का तेही कोंडते." मी म्हटलं, असं काही नसतं, हवापालटानं बरं वाटलं असेल. तू हसलीस आणि दुसऱ्या दिवशी तरोटा उपटायला मला सोबत घेऊन गेलीस.

मग एकेक घर होत गेलं आणि एकेक बाई येत गेली. कोणी खेड्यातून आलेली, कोणी माझ्यासारखी भरल्या घरातून. कोणाच्या घरी तथागताची तसबीर, कोणाच्या घरी गजाननाची. पाच वाजता सगळ्यांचे पदर सारखेच खोचलेले. बायका वाढल्या तशी गडबड वाढली. एकीला सारखी खेळायला मिळे, दुसरी बांधावर बसून राही. मी पाळ्या लावल्या, फक्कीच्या रेघा कुठून कुठवर आखायच्या ते मोजून ठरवलं, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची वेळ वेगळी केली. तू मला सेक्रेटरी म्हणायला लागलीस ती चेष्टेनं. पुढे माझं नाव गल्लीत कोणाला आठवेना.

"तुले हसाले बी पाळी लावाची असन तं सांग," असं तू म्हणायचीस. पण चिंचोळ्या जागेत दोघींची डोकी आपटली नाहीत ती माझ्या रेघांमुळे. हे तू कधी कबूल केलं नाहीस. ठीक आहे.

एक नियम मात्र तुझा होता. रस्त्यानं जाणारे पुरुष सायकल टेकवून बघत उभे राहायला लागले, तशा दोघीतिघी यायच्या बंद झाल्या. तू मला म्हणालीस, लिही. पाच ते दिवेलागण या प्लॉटवर पुरुषानं पाय ठेवायचा नाही, बघत उभं राहायचं नाही. मी लिहिलं आणि तू गल्लीत घरोघर जाऊन ते वाचून दाखवलंस. पाटीची गरज पडली नाही.

त्या नियमाचा पहिला मार बसला तो तुझ्याच घरी. तुझा नवरा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊजी, कारखान्यात फिटर. बाभूळ तोडली गेली तेव्हा त्यांनीच दोन लोखंडी पाइप आणून, खाली सिमेंट घालून आपले खांब उभे केले होते. एकदा दोरीची कडी ढिली झाली म्हणून ते पाना घेऊन आले. खेळ रंगात होता.

"पाच वाजून गेले," तू म्हणालीस.

"कडी ढिली झाली ना. दोन मिनिटाचं काम आहे."

"दिवे लागल्यावर या. इथं बाया पदर खोचून आहेत."

"मी का बाहेरचा आहे?"

"तुमाले सोडलं तं उद्या हिचा भाऊ येते, परवा तिचा सासरा येते. सासरा आल्यावर तिनं पदर घ्यावा का रिंग झेलावी? जा म्हटलं ना."

ते पाना घेऊन परत गेले. दिवे लागल्यावर आले, बॅटरीच्या उजेडात एकटेच कडी बसवून गेले. मी तुला म्हटलं, निदान ज्यानं खांब उभे केले त्याला तरी सूट दे. तू ऐकलं नाहीस. त्यानंतर ते पाच वाजता त्या बाजूला फिरकले नाहीत. कारखान्यातून येताना मागच्या रस्त्यानं यायचे.

आता पुष्पाचं. ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुष्पा समोरच्या घरातली, सरूकाकूंची सून. तिचा मुलगा नुकता भिंत धरून चालायला लागला होता. तापात गेला. मी त्याच संध्याकाळी दोरी काढली. रेडिओ बंद, मोठ्यानं बोलणं बंद, खेळ बंद. आपल्याकडे असंच असतं, आणि सरूकाकूंसमोर वेगळं काही करायची कोणाची हिंमत नव्हती. तू माझ्या ओट्यावर येऊन भांडलीस.

"दुःख तिच्या घरी, नं बंद कोणासाठी ठेवून राहिली?"

"लोक काय म्हणतील? तिचं पोर गेलं आणि या बाया रिंग खेळतात?"

"लोक तं पदर खोचला तवाबी म्हणत होते."

तेरवी झाली, खेळ सुरू झाला, पण पुष्पा आली नाही. दाराआड बसायची. केस विंचरायची नाही, ताटातलं तसंच सोडायची, बोलावलं तर तोंड फिरवायची. सरूकाकूंनी उतारा केला. मी तिच्या नवऱ्यामागं लागून तिला धंतोलीत दाखवायला लावलं, गोळ्या सुरू झाल्या. तू यातलं काही केलं नाहीस. तू रोज पाच वाजता तिच्या फाटकात जाऊन उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "पुष्पा, एक गडी कमी आहे वं." समजूत नाही, देवाचं नाव नाही, रडणं नाही. उत्तराची थोडी वाट बघायचीस, आलं नाही की परत यायचीस.

मी म्हटलं, "खोटं कशाला बोलतेस? इथं उलट जास्तीच्या बसून आहेत."

"मंग तू बाहेर बस. म्हणजे खोटं नाही होत."

आणि मी बसले. रोज आपल्यापैकी एक जण बाहेर बसायची, पुष्पाची जागा मोकळी ठेवून. सेक्रेटरी म्हणून ती पाळीही मीच लावली.

हिवाळा सरत आला तेव्हा एक दिवस ती तुझ्यामागून चालत आली. अंगावर शाल, पायात काही नाही. जिथं उभी केली तिथं उभी राहिली. रिंग तिच्या खांद्याला लागून खाली पडली. हात वर झाला नाही. पुन्हा फेकली, पुन्हा पडली. आम्ही सगळ्या हळूहळू, फुलं टाकावीत तशी रिंग टाकत होतो आणि फाटकातून सरूकाकू बघत होत्या. मग तुझ्याकडे पाळी आली. तू जोरात फेकलीस, नेहमीसारखी. रिंग तिच्या दंडावर बसली.

"अवं, झोपली का?" तू ओरडलीस.

पुष्पानं वाकून रिंग उचलली आणि दात आवळून, डोक्यावरून, सगळा जीव लावून तुझ्या अंगावर भिरकावली. रिंग तुझ्यावरून, भिंतीवरून, पलीकडच्या घराच्या खणलेल्या पायात जाऊन पडली.

मी सवयीनं म्हणाले, "खांद्याच्या वरून फेकली. आउट."

पुष्पानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडून आधी हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मग ती तिथंच फक्कीच्या रेघेवर बसून रडली. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे आम्हाला नंतर सरूकाकूंनी सांगितलं. तू तिच्याजवळ गेली नाहीस. पायातून रिंग आणायला गेलीस आणि बराच वेळ शोधत राहिलीस.

ती रिंगनं सावरली की गोळ्यांनी, यावर आपण किती वर्षं भांडलो. मी म्हणायचे, डॉक्टर नसते तर ती दारापर्यंतही आली नसती. तू म्हणायचीस, "गोळी का फाटकात उभी रायते?" परवा मी पुष्पालाच विचारलं. ती म्हणाली, "मले नाही सांगता येत. येवढंच आठवते का पाच वाजले का कोणीतरी दारात येई. मी दिवसभर त्याचाच राग करत राहो." मला वाटतं, हे उत्तर तुला आवडलं असतं. मलाही चालण्यासारखं आहे.

तेव्हापासून तुझं एकच टुमणं. नियमात लिही, की मरणामुळं खेळ बंद नाही. मी लिहिलं नाही. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी वाट पाहत होते, की आता तू हा विषय काढशील. या वेळी मी नाही म्हणणार नव्हते. तू कूलरच्या वाळ्याबद्दल बोललीस. जुना वाळा काढून ठेव, वाया घालवू नको म्हणालीस. तेवढंच. तुला आठवलं नाही की मला अडचणीत टाकायचं नव्हतं, हे आता कळायचं नाही.

वाळा काढून ठेवला आहे.

तुझ्या घरी मी रोज जाते. तुझा मुलगा भिलाईहून आला आहे, त्याचं सगळं नीट चाललं आहे. येणाऱ्यांची उठबस, तेरवीचं सामान, काही अडलेलं नाही. भाऊजी ओसरीत बाजेवर बसलेले असतात. कोणी आंघोळ करा म्हटलं तर आंघोळ करतात, जेवा म्हटलं तर जेवतात. पाच वाजता उठतात, फाटकापर्यंत येतात, आणि पुन्हा जाऊन बसतात. मला वाटलं पाय मोकळे करतात. पुष्पानं मला कोपऱ्यात घेतलं.

"सेक्रेटरी, भाऊजीचे डोळे पाहिले? मी तशीच बसत होती."

मग आम्ही सगळ्या सरूकाकूंच्या ओट्यावर जमलो. मी म्हटलं, दोरी बांधायची का ते आज ठरवू. मला वाटलं काकू तेरवीचं नाव काढतील. त्या सुपारी कातरत होत्या.

"माया नातू गेला तवा तुमी बंद ठेवलं," त्या म्हणाल्या. "का झालं बंद ठेवून? घर असं चूप झालं का भांडं पडलं तरी मी दचको. तिकून तुमचा कल्ला आला असता तं बरं झालं असतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत काकू?"

"मले कोणी इचारलं?"

हे ऐकायला तू हवी होतीस, विमल. इतक्या वर्षांचा आपला वाद, आणि ज्या घरासाठी भांडत होतो त्या घरालाच आपण विचारलं नव्हतं. तू जिंकलीस. लिहून घेतलं आहे.

दुसऱ्या दिवशी पाचला दोरी बांधली. पहिल्या दोन-चार फेकी मुकाट्यानंच झाल्या. मग कोणाचा तरी पाय घसरला, कोणीतरी हसलं, आणि आवाज सुरू झाला. भाऊजी फाटकातून बाहेर आले. रस्त्यापर्यंत आले आणि प्लॉटकडे पाठ करून उभे राहिले.

सरूकाकू खुर्चीवरून म्हणाल्या, "असा काहून उभा राहिला गा? ये ना इकडं."

"पाच वाजून गेले ना काकू," ते म्हणाले. पाठ तशीच. "बायाइचा टाइम आहे."

"आता कोण म्हणते तुले काही?"

"तिनं सांगितलं होतं ना."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नियम तुझा, अक्षर माझं. मोडला तर तुझा शब्द जातो, पाळला तर माणूस रस्त्यावर पाठ करून उभा. मला एवढंच सुचलं की नियमाला वेळ आहे. मी म्हटलं, "भाऊजी, दिवे लागले की या. दोरी आज काढत नाही."

दिवे लागले. ज्यांना घरी जायचं होतं त्या गेल्या, आम्ही चार-पाच जणी राहिलो. पदर सोडून घेतले. भाऊजी आले, चपला रेघेबाहेर काढून ठेवल्या. पुष्पानं रिंग टाकली, त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी आउट दिलं नाही.

रिंग तशीच धरून ते म्हणाले, "विमल बरी खेळे का?"

हे आमच्यातल्या कोणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खांब त्यांनी उभे केले, कड्या त्यांनी बसवल्या, घरात बसून इतकी वर्षं आपला कल्ला ऐकला, आणि तुला खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "झेलायला कच्ची होती. पण फेकायची अशी, की समोरचीला हात काढून घ्यावासा वाटे."

"कशी फेके?"

पुष्पानं त्यांच्या हातातून रिंग घेतली. पदर खोचला. तुझ्यासारखा डावा पाय पुढं टाकून, अंग मागं झुकवून, जीभ दातांत धरून तिनं रिंग फेकली आणि तुझ्यासारखंच "घे वं" म्हणाली. पलीकडून सरूकाकूंच्या धाकट्या सुनेनं ती पाडली.

भाऊजी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात दोन्ही हात दोरीवर ठेवून बघत होते.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.

पुष्पा रिंग आणायला गेली.